डाव्या वळणाचा दिवा

...अहो, हरभऱ्याच्या डाळीएवढा दिवा! नारिंगी! त्यावर तीन इंग्रजी अक्षरं, एबीएस! आणि एवढ्याशा दिव्यानं या डोंगरावर सव्वीस वर्षं पाण्याचा टँकर चढवलेल्या माणसाला रडकुंडीला आणावं? हसू नका. आधी ऐका, मग हसा. खजूर घ्या, समोर ठेवलेत ते बघायला नाहीत... हां, तर मी काय सांगत होतो? दिवा!

तुम्हाला सांगतो, माझी फोर-व्हील वीस वर्षांची. मी तिला लाडानं म्हातारी म्हणतो, म्हणजे बायको आसपास नसली तर. गनिया असली की ‘गाडी’ म्हणतो, उगाच गैरसमज नको. तर या म्हातारीनं मला वीस वर्षांत कधी दगा दिला नाही, वाळूत नाही, पुरात नाही, आणि एक दिवस सकाळी काकांना घेऊन झऱ्याकडं निघालो, पहिल्या चढावर वळलो, आणि समोर डॅशबोर्डवर टुक्... दिवा! मी गाडी थांबवली, बंद केली, पुन्हा चालू केली. चार हात पुढं गेली, दिवा गेला! मी म्हटलं, चला, चुकून लागला असेल. पुढं आणखी एक वळण... टुक्! पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा गेला. आणि मग अजून एका वळणावर? आपला हजर!

काका म्हणजे माझे सासरे, सुलैयम. वय अठ्ठ्याहत्तर, आणि सहा वर्षं झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पिकून पांढरे कंचे झालेले. जन्मभर गावाचे पाटकरी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पाटानं कुणाच्या बागेत किती वेळ सोडायचं, हे दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री चांदण्यांवर मोजणारा माणूस! डोळे गेले, पाट दुसऱ्याच्या हाती गेला, पण रोज सकाळी मी त्यांना गाडीनं वर झऱ्यापाशी नेऊन सोडायचं, तासभर त्यांनी पाण्याचा आवाज ऐकायचा, ‘आज दोन बोटं कमी आहे’ असं काहीतरी सांगायचं आणि मग परत यायचं, हा आमचा सहा वर्षांचा नेम. आणि बरोबर दोनच बोटं कमी असतं हो पाणी!

आता तुम्ही म्हणाल, मोतीबिंदू म्हणजे काय मोठं? अर्ध्या तासाचं काम! अहो, मीही तेच म्हणत होतो! डोंगराखालच्या निझ्वा शहरातल्या इस्पितळात पहिली तारीख मिळाली, तर काका म्हणाले, शेळी व्यायला झालीय. दुसरी मिळाली, तर म्हणाले, आज वारा आहे. वारा! डोळ्याच्या ऑपरेशनला वारा आडवा! तिसरी तारीख गनियानं चार फेऱ्या मारून आणली, आणि बापाला बजावून सांगितलं, “बाबा, ही चुकली तर पुढची सात महिन्यांनी. या वेळी शेळी व्याली काय, उंट व्याला काय, आपण जायचं.”

काकांची पळवाटच बंद! आणि नेमका त्याच सकाळी माझा हा दिवा पेटला, आणि मी गाडीत तोंड भरून शिवी हासडली. आमच्याकडं गाडीचं स्टिअरिंग डावीकडं, म्हणून काका माझ्या उजव्या हाताला, दाराशी बसलेले; म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, ब्रेकचा दिवा लागलाय.” झालं! तुम्हाला सांगतो, त्या आंधळ्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, असा उजेड पडला...

“ब्रेकचा? अरे बापरे! मग अशा गाडीतून मी डोंगर उतरून निझ्वाला जाणार नाही, जावईबापू. आधी तुझा एक दिवा विझव, मग माझे दोन लावायला जाऊ.”

“अहो काका, साधे ब्रेक चालू आहेत! एबीएस वेगळं! जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून...”

“घसरू नये म्हणून? म्हणजे घसरते!”

“मग झऱ्यावर कसे येता रोज?”

“वर चढायला ब्रेक कशाला लागतो?”

“आणि परत उतरताना?”

“तेव्हा तू असतोस ना.”

बोला आता! गनिया म्हणाली, भावाच्या गाडीतून जाऊ. तर म्हणे, त्याच्या गाडीत अत्तराचा वास मारतो, मला मळमळतं! म्हणजे सगळा डोंगर फिरून माझ्याच बोनेटवर येऊन बसला. तारखेला वीस दिवस होते. मी छाती ठोकून म्हटलं, दोन दिवसांत विझवतो!

गेलो निझ्वाला, फिरासकडं. फिरास म्हणजे कंप्यूटर घेऊन बसलेला गॅरेजवाला. हात स्वच्छ! मला तर गॅरेजवाल्याचे हात स्वच्छ दिसले की घाबरायलाच होतं. त्यानं एक डबी गाडीला जोडली, पडद्याकडं बघितलं, आणि डॉक्टर सांगतात तशा आवाजात म्हणाला, “चाचा, पुढचं उजवं चाक. सेन्सर.” मग मला समजावलं. प्रत्येक चाकापाशी एक बोटाएवढा सेन्सर, त्याच्यासमोर दातेरी चकती. चाक फिरलं की चकती फिरते, सेन्सर दात मोजतो आणि गाडीच्या मेंदूला, म्हणजे आतल्या कंप्यूटरला कळवतो, की बाबा रे, चाक फिरतंय. दात मोजता आले नाहीत की मेंदूला वाटतं चाक जाम झालं, आणि तो ब्रेक सैल सोडतो. मी म्हटलं, टाक नवा. टाकला. दिवा गेला! निझ्वापासून डोंगराच्या चौकीपर्यंत सरळ रस्ता, दिव्याचा पत्ता नाही! मी गाणी म्हणत आलो! चौकीवरच्या पोलिसानं विचारलं, “चाचा, लग्न आहे का घरी?” मी म्हटलं, “दिवा विझला!” तो घाबरून बाजूला झाला. आणि चौकी सोडून गावाचा चढ धरला, पहिलंच वळण...

आपला हजर!

पुन्हा फिरास. आता म्हणे चाकाची बेअरिंग सैल असेल, चाक डुगडुगतं, चकती सेन्सरपासून लांब जाते. बरं, टाक बेअरिंग! टाकली. उचललेल्या गाडीवर चाक गरागरा फिरवून दाखवलं, पडद्यावर आकडे नाचले, फिरास म्हणाला, “एकदम ओके!” मी वर आलो. वळण. हजर!

शेजारचा हारिब म्हणाला, तुझे टायर एका मापाचे नाहीत, मापून बघ. वाकून वाकून चारही मापले, एका मापाचे! मग म्हणाला, बॅटरी कमजोर असेल. मग म्हणाला, दृष्ट लागली असेल. मी म्हटलं, वीस वर्षांच्या गाडीला? कोण जळणार हिच्यावर? तिसऱ्यांदा फिरासकडं गेलो, तर त्यानं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, “चाचा, मग मेंदूच गेला असणार.” मी म्हटलं, “माझा की गाडीचा?” तर म्हणे दुबईहून मागवावा लागेल. तीन आठवडे.

आणि तारखेला राहिले होते सहा दिवस.

घरी आलो. काकांनी दारातूनच विचारलं, “विझला का रे दिवा?” मी म्हटलं, “नाही.” तर काय म्हणाले माहितेय? “अरेरे.” पण ते ‘अरेरे’ असं गोड, असं गोड, जसं काही मी हलव्याचा डबा आणलाय!

आता मात्र हसू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बागेतून डाळिंबं भरून आलो. आमच्या फाटकात शिरायला उतारावरून डावीकडं पूर्ण स्टिअरिंग मारावं लागतं. गनिया फाटक उघडून मधोमध उभी, हातात भाकऱ्यांची परात, ‘ये, ये’ करतेय. माणूस चालतो तेवढाच माझा वेग. मी ब्रेकवर पाय ठेवला... आणि पेडल पायाखाली टर्रर्रर्र करून थरथरलं, माझा पायच वर ढकलायला लागलं, आणि गाडी थांबेना! खडीवरून आपली सरकतेय... सरकतेय... मी हँडब्रेक ओढला, दोन्ही हातांनी ओढला हो... गाडी थांबली. गनियाच्या पोटापासून एक वीत. परात खाली, भाकऱ्या मातीत, आणि तिनं जी किंकाळी फोडली...

आतून काका आले. काठी न घेता. सहा वर्षांत मी या माणसाला काठीशिवाय चालताना बघितलं नव्हतं. ओट्याला अडखळले, भिंतीला धडकले, “गनिया! गनिया!” करत अंगणात आले आणि हात पुढं करून हवेत चाचपडत राहिले. ती जाऊन त्यांना बिलगली. “काही झालं नाही बाबा. भाकऱ्या गेल्या फक्त.” काका तिचं डोकं, खांदे, हात, सगळं चाचपून बघत होते. मोजत होते जणू, सगळं जागेवर आहे ना.

मग काका ओट्यावर बसले. कहवा आला. एक फिंजान, म्हणजे एवढासा पेला, प्यायले, दुसरं प्यायले, तिसऱ्याला आमच्या रीतीनं रिकामं फिंजान हलवून पुरे म्हणाले. मग म्हणाले,

“झहरान. सात.”

“काय सात?”

“झऱ्याला जाताना तू सात शिव्या देतोस. सातही वेळा मी दाराला टेकलेला असतो.”

मला काही कळेना. “म्हणजे?”

“म्हणजे गाडी डावीकडं वळते तेव्हा मी उजवीकडं कलतो, दाराला टेकतो, आणि लगेच तुझी शिवी येते. उजवीकडं वळतोस तेव्हा मी तुझ्या अंगावर येतो, आणि तू चकार शब्द काढत नाहीस. मी रोज मोजतो. मला दुसरं काम काय आहे? आत्ताही डावीकडंच वळत होतास ना फाटकात?”

डावीकडंच वळत होतो हो! फिरासनं गाडी नेहमी उचलून तपासली, चाकं सरळ ठेवून! निझ्वाचा रस्ता सरळ, म्हणून दिवा गेला होता! हे माझ्या का डोक्यात आलं नाही? मला डोळे आहेत ना दोन!

“आणि दुसरं,” काका म्हणाले, “शेवटच्या बागेत पाणी पोचत नाही, तेव्हा लोक शेवटच्या बागेत खणत बसतात. मी कधी नाही खणलं. पाट मध्ये कुठंतरी फुटलेला असायचा. तुझ्या त्या चाकापासून मेंदूपर्यंत काहीतरी पाट असेलच की. तो बघितला का कुणी?”

वायर! तुम्हाला सांगतो, सेन्सर बदलला, बेअरिंग बदलली, मेंदू बदलायला निघालो, आणि मधली वायर कुणी बघितलीच नाही!

मी आनंदानं उडालोच! “काका, कमाल केलीत! कधी सुचलं हे?”

काका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले.

“बाबा,” गनिया म्हणाली, “कधी?”

“...पहिल्या आठवड्यात.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू? तीन वेळा निझ्वा! चारही टायरांपुढं लोटांगण! मी म्हटलं, “मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर जावं लागलं असतं,” काका म्हणाले. “पोरी, अंधाराची मला सवय झालीय. त्यात कुठं काय आहे ते मला माहीत आहे. आणि रोज झोपताना मनात येतं, की कधी गेलोच इस्पितळात, तर दिसेल. उद्या त्यांनी डोळा उघडला आणि काहीच दिसलं नाही तर? मग झोपताना मनात काय आणू मी?”

गनियाला बापावर ओरडायचं होतं, मला दिसत होतं. पण ती त्यांच्या पायाशी बसली आणि दिशदाशाला, त्या पायघोळ अंगरख्याला, लागलेली माती झटकायला लागली. म्हणाली, “बाबा, आज मी तुम्हाला काठीशिवाय पळताना बघितलं. ऑपरेशनपेक्षा तेच जास्त धोक्याचं होतं.”

काका हसले. पहिल्यांदा हसले त्या दिवशी. “भाकऱ्या खरंच सगळ्या गेल्या का ग?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, काका आणि गनिया, आमची वरात निघाली दाद रहीमकडं. तो वरच राहतो, पाण्याच्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करतो, जातीचा बलुची, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा. मी त्याला सगळी कथा सांगितली, पाऊण तास. तो म्हणाला, “हं.” जुनं काट्याचं मीटर आणलं, चाकापासची वायर सोडवून मीटरला लावली, म्हणाला, “स्टिअरिंग.” मी उजवीकडं फिरवलं. काटा जागेवर. सरळ केलं. जागेवर. डावीकडं फिरवलं... फिरवलं... पूर्ण फिरवलं, आणि काटा धप्! मेला! उजवीकडं आणलं, जिवंत! डावीकडं, मेला! मी आतून ओरडलो, “सापडला!”

पण फुटलाय कुठं? वायरीचं रबर वरून गुळगुळीत, कुठं चीर नाही. दाद रहीम डोळे बारीक करून बघत होता, मी चष्मा लावून बघत होतो. काका म्हणाले, “मला द्या.” खाली बसले, वायर दोन बोटांत धरली, आणि इंच इंच करत सरकायला लागले, डोकं एका बाजूला कलतं करून, पाण्याचा आवाज ऐकायचे तसे. वीतभर गेले, थांबले, मागं आले. “इथं. इथं आत पोकळ आहे.”

दाद रहीमनं तिथलं रबर सोललं. आतली तांब्याची तार तुटून दोन टोकं समोरासमोर! चाक सरळ असलं की एकमेकांना चिकटायची, डावीकडं वळलं की वायर ताणली जायची आणि टोकं लांब व्हायची. दाद रहीमनं काकांकडं बघितलं आणि त्याच्या दहातले तीन शब्द खर्च केले, “माझ्याकडं कामाला या.”

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. “क्लिप कुठंय? सुतळी कुणी बांधली?” वायर सैल धरून ठेवणारी क्लिप गायब, तिथं घट्ट सुतळी, म्हणून वायर ताणली जायची.

आता... गेल्या वर्षी शॉकअब्सॉर्बर बदलले होते. घरीच. अनुभवी माणसानं. क्लिप उडून गवतात पडली, तर त्या अनुभवी माणसानं म्हटलं, एका क्लिपनं काय होतंय, आणि सुतळी बांधली... नाव कशाला विचारता? गनियानंही विचारलं नाही. नुसतं बघितलं माझ्याकडं. विचारलं असतं तर बरं झालं असतं!

दाद रहीमनं नवा तुकडा झाळून जोडला, त्यावर नळी चढवली, क्लिप बसवली, वायर सैल सोडली. आणि आम्ही तिघं निघालो झऱ्याकडं. पहिलं डावं वळण... काका दाराला टेकले. म्हणाले, “एक.” मी काही बोललो नाही. दुसरं. “दोन.” गप्प. तीन, चार, पाच, सहा... सातव्या वळणाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, एका डाळीएवढ्या दिव्यासाठी!

काका म्हणाले, “शिवी आली नाही.”

“नाही आली.”

“म्हणजे विझला.”

“विझला काका.”

काकांनी खिशातून टोपी काढून नीट डोक्यावर बसवली. “बरं. म्हणजे जायचं.”

आणि गेलो हो! ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला, डोंगर उतरून! वाटेत काकांनी माझा हात सोडला नाही, गिअर टाकायची पंचाईत! अर्ध्या तासात एक डोळा झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. काकांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोर गनिया उभी. ती ओठ दाताखाली धरून उभी. काका बघतायत... बघतायत... आणि म्हणाले, “तू... केव्हा एवढी तुझ्या आईसारखी दिसायला लागलीस ग?” डॉक्टरीणबाईसुद्धा खिडकीकडं वळल्या. मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, “झहरान, तुझे केस कुठं गेले?”

आता तुम्हाला वाटेल, संपलं! नाही हो. पुढं आठवड्यानं, डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर, आम्ही झऱ्याकडं निघालो. काका पुढं बसलेले, मान ताठ, एक डोळा सताड उघडा, हे बघ, ते बघ! तर हा जो झऱ्याचा गाडीरस्ता, तो काकांचे डोळे गेल्यावर खणलेला. त्यांच्या वेळी पायवाट होती, पलीकडच्या अंगानं. म्हणजे सहा वर्षं या रस्त्यावरून रोज आले, पण तो बघितला कधीच नाही! पहिलं डावं वळण आलं. काका दाराला टेकले. खिडकीतून खाली बघितलं.

खाली... काही नाही. म्हणजे काहीच नाही! हजारभर हात खाली एक झुडूप, आणि ते पण घाबरून वर बघतंय.

“झहरान,” काका हळूच म्हणाले, “हाच रस्ता? रोज?”

“हाच काका.”

“कठडा नाही?”

“नाही काका.”

त्यांनी नवाकोरा, सरकारी इस्पितळातून करून आणलेला डोळा घट्ट मिटला. वर हात ठेवला. “पोचलो की सांग.”

आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख आलीय. पुढच्या महिन्यात. मी चिठ्ठी दाखवली, स्वतः वाचली त्यांनी! वाचून घडी घातली आणि म्हणाले, “जरूर जाऊ. आधी त्या सात वळणांवर कठडे होऊ देत.” या वेळी भीती नाही हं, गालात हसत होते. पाटकऱ्याला अधिकार गाजवायला कुणीतरी लागतंच! तेव्हापासून रोज सकाळी मी या वयात दगड उचलतोय. तीन वळणं झाली. चौथं धरलंय. काका मोठ्या धोंड्यावर बसतात, एका डोळ्यानं बघतात, आणि म्हणतात, “जावईबापू, तिसऱ्या थरातला दगड वाकडा बसलाय.”

आणि तुम्हाला सांगतो... वाकडाच असतो हो!